बाराव्या माणसाची फाइल

१

कपाटात अकरा फायली होत्या. पाहिजे होत्या बारा.

ठकूनं पुन्हा मोजल्या. मग जमिनीवर मांडून मोजल्या. मग कपाटाच्या मागे हात घालून चाचपडलं. हाताला धूळ लागली, बाकी काही नाही. अकरा म्हणजे अकराच.

सोमवारची सकाळ होती. थोरल्या बाईंना जाऊन पाच दिवस झाले होते.

थोरल्या बाई म्हणजे मनाच्या डॉक्टर. तीस वर्षं याच खोलीत बसून त्यांनी लोकांचं ऐकलं. ठकू त्यांच्या हाताखाली तयार झाली, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला तिची स्वतःची खोली आहे. इथं तिला सगळे धाकट्या बाई म्हणतात. पण घरी ती ठकू. एक्केचाळीस वर्षांची झाली तरी ठकूच. आपणही तेच म्हणू, सोपं पडतं.

बाईंना आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. बाई म्हणाल्या, भरपूर झाले, मला आवराआवरीला तीन पुरतात. आणि लागल्या आवरायला. त्या पेशंट म्हणायच्या नाहीत, माणसं म्हणायच्या. एकेका माणसाला समोर बसवून त्यांनी सांगितलं, मी काम बंद करतेय. प्रत्येकाशी शेवटच्या भेटीची तारीख ठरवली. पुढं कुणाकडे जाता येईल ते सुचवलं. तुमचे कागद परत देऊ, जपून ठेवू की फाडू, तेही विचारलं. सगळं एका जुन्या जाडजूड रजिस्टरमध्ये. त्यात नाव कुणाचंच नाही, नुसते नंबर. नावं फायलींमधल्या बंद पाकिटांत.

"दुकानदाराला शटर ओढून निघून जाता येतं," त्या ठकूला म्हणाल्या होत्या. "आपल्याला नाही. माणूस आला आणि दार बंद दिसलं, तर त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. आधीच तसं वाटत असतं म्हणून तर तो येतो."

मी मध्येच गेले तर उरलेलं काम ठकू करेल, असं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं, आजारबिजार काही नसताना. आणि गेल्या मध्येच. तीन आठवडे उरले होते. बारा माणसं उरली होती.

अकरा जणांना ठकूनं सकाळीच फोन केले. एक बाई हुंदके देत होत्या. एक माणूस काहीच बोलला नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. ठकू दहा मिनिटं फोन धरून त्याच्याबरोबर गप्प राहिली.

बारावा नंबर चारशे नऊ. फाइल नाही, म्हणजे नाव नाही, म्हणजे फोन नाही. रजिस्टरमध्ये ओळ तेवढी होती. दर बुधवारी, अकरा वाजता. सत्तर भेटी झालेल्या. शेवटची या बुधवारी ठरलेली.

म्हणजे परवा अकराला कुणीतरी जिना चढून येणार, आणि कुलूप बघत उभं राहणार. आणि त्याच्या मनातलं सगळं, दीड वर्षाचं, भलत्याच कुणाच्या तरी हातात.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोन. एक ठकूकडे बंद पाकिटात, ते तिनं आज फोडलं. दुसरी बाईंच्या उशाखाली.

आणि शेवटच्या महिन्यात त्या उशापर्यंत जाणारी माणसं होती तीन.

२

"घ्या, माझ्यावर संशय घ्या," काउंटरवरच्या मावशी म्हणाल्या. "वीस वर्षं इथं बसलेय. रडत आलेली माणसं पाहिली, हसत गेलेली पाहिली. एकाचं तरी नाव या तोंडातून निघालंय? माझ्या नवऱ्याला विचारा. त्याला अजून वाटतं मी दातांच्या दवाखान्यात आहे."

"मावशी, संशय नाही हो. चारशे नऊ कोण, एवढंच सांगा."

"बुधवार अकराचं ना? ते मी कधी पाहिलंच नाही. बुधवारी सकाळी मी गुडघ्याच्या व्यायामाला जाते."

"कधीपासून?"

"झालं की दीड वर्ष. बाईच मागे लागल्या. मी म्हटलं, गुडघा रोज दुखतो, शनिवारी जाईन. तर म्हणे नाही, बुधवारीच. आता गुडघ्याला काय वार कळतो?"

ठकूनं रजिस्टर उघडलं. चारशे नऊची पहिली भेट. दीड वर्षापूर्वीचा बुधवार. मावशींचा व्यायाम त्याच आठवड्यात सुरू झालेला.

म्हणजे गुडघा हे निमित्त. बाईंना तो माणूस मावशींच्या नजरेआड ठेवायचा होता. पण अनोळखी माणसाला कुणी लपवत नाही. लपवतात ते मावशी ओळखतील अशाला.

दुसरा दाढीवाला. तरुण समुपदेशक, दुपारी पलीकडच्या खोलीत बसतो. तो पुस्तक लिहितोय हे सगळ्यांना माहीत होतं. खऱ्या माणसांच्या खऱ्या गोष्टी.

"चोरायला मला फायली कशाला लागतात?" तो भडकलाच. "माझी आई आहे ना. तिच्या एकटीवर तीन खंड होतील."

ठकूला हसू आलं. पाच दिवसांत पहिल्यांदा.

"बुधवारी सकाळी मी कॉलेजात शिकवतो, हजेरीपुस्तक बघा," तो जरा निवळून म्हणाला. "पण एक सांगू? बुधवारी दुपारी आलो की या खोलीत शिजवलेल्या पिठाचा वास असायचा. मला वाटलं बाई आजारी, काही पातळ करून घेत असतील. पण आजार कळायच्या आधीपासून यायचा तो वास. आणि बाईंची ती जुनी पुस्तकं, पानं सुटलेली? ती एकेक करून नवी व्हायला लागली. मी विचारलं, बाइंडर कोण, माझीही द्यायचीत. तर म्हणाल्या, तो बाहेरचं काम घेत नाही."

तिसरा पुतण्या. परगावी नोकरीला, आत्या अंथरुणाला खिळल्यावर रजा काढून आलेला. भला माणूस, पण घाईत.

"शुक्रवारी जागा रिकामी करून द्यायचीय मला. ते कपाट कधी हलवताय?"

"एक फाइल सापडली की."

"राहू दे ना एक. आत्याच गेली, आता कागद घेऊन काय करायचं?"

"तुमच्या आत्यानं उशाखालची किल्ली कधी मागितली होती?"

पुतण्या खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती.

"मी शब्द दिलाय तिला," तो हळूच म्हणाला. आणि खोलीतून निघूनच गेला.

३

घरी अण्णा जेवायचे थांबले होते. अण्णा म्हणजे ठकूचे वडील. चाळीस वर्षं छापखान्यात राबून निवृत्त झालेले. आई तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून बापलेक दोघंच.

"झालं का लोकांचं ऐकून?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं. ठकूचा धंदा त्यांच्या गळी कधी उतरलाच नव्हता. "तास तास बसून ऐकायचं, आणि वर त्याला उपचार म्हणायचं. आमच्या छापखान्यात हे चहाच्या सुट्टीत व्हायचं."

एरवी ती उलटून बोलली असती. आज नाही बोलली.

खरं म्हणजे ती पाच दिवस त्यांच्याशी धड बोललीच नव्हती. बाई गेल्याचा फोन आला तेव्हा दोघं जेवायला बसले होते. तिनं सांगितलं. अण्णांनी हातातला पेला खाली ठेवला, म्हणाले, "बरं. तू जेवून घे." आणि गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायला लागले. तिच्या गुरू गेल्या होत्या आणि हे कुंड्यांना पाणी घालतायत! ती ओरडली होती, "तुम्हाला काही वाटतं की नाही हो?" त्यांनी मान वळवली नव्हती.

"अण्णा, एक माणूस सापडत नाहीये," ती आत्ता म्हणाली. नाव नव्हतंच तर गुपित कसलं. "परवा तो बाईंच्या दारात येऊन उभा राहील. त्याला माहीतच नसेल."

अण्णांचा घास हातातच राहिला.

"नसेल कशावरून?" ते म्हणाले. मग पाणी प्यायले. "माणसाला कळतं गं कुठून तरी."

"कुठून? बाईंनी बजावलं होतं, पेपरात काही द्यायचं नाही, आधी माझ्या माणसांना कळवा. शेवटच्या निरोपाला आम्ही चौघं होतो."

अण्णा ताट घेऊन उठले.

४

मंगळवारी सकाळी पुतण्या आपणहून आला. रात्रभर झोपला नसावा.

"शब्द मोडतोय," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणता कुणीतरी दारात उभं राहील, ते काही माझ्या डोक्यातून जाईना. महिन्यापूर्वी आत्यानं मला एक पार्सल दिलं. बंद. स्वतःच्या हातानं पत्ता घातलेला. म्हणाली, कुरिअरला दे आणि धाकटीला सांगू नको. बाकी कुणाला सांगितलंस तर चालेल."

"मला नको?"

"फक्त तुम्हाला नको."

ठकूला कुणीतरी कानशिलात मारल्यासारखं झालं. वीस वर्षांची ओळख. बाईंच्या उष्ट्या कपातला चहा प्यायलेली ती. आणि बाईंनी पाठीमागून पार्सल पाठवावं?

पत्ता म्हाताऱ्या डॉक्टरांचा होता. बाईंचे जुने सहकारी, आठ तासांच्या अंतरावरच्या गावात राहतात. ठकूनं रजिस्टर ओढलं. 'पुढं कुणाकडे' हा रकाना. अकरा ओळींत तीन तीन नावं, प्रत्येक ओळीत पहिलं नाव ठकूचंच. चारशे नऊच्या ओळीत एकच नाव होतं. म्हातारे डॉक्टर. ठकू नाहीच.

काल ही ओळ तिनं पाहिली नव्हती असं नाही. आपलं नाव नाही याचं वाईट वाटलं म्हणून पुढं गेली होती.

तिनं फोन लावला.

"गेल्या?" म्हातारे डॉक्टर म्हणाले. "मला कुणी कळवलंच नाही गं. पार्सल आहे माझ्याकडे. मी गेल्यावर उघडा, असं लिहिलंय वर."

"मग उघडा. आणि त्या माणसाला आजच कळवा, उद्या अकराला..."

"थांब. उघडतो आणि करतो तुला फोन."

वीस मिनिटांनी फोन आला. आवाज बदललेला.

"वाचलं. आता मला काही विचारू नकोस."

"नाही विचारत. फक्त त्यांना कळवा."

"त्या माणसाला माहीत आहे."

"कसं माहीत असेल? तुम्ही बोललात त्यांच्याशी?"

"नाही." मग एकदम, जीभ चावल्यासारखं, "ठेवतो मी."

ठकू फोनकडे बघत राहिली. डॉक्टर त्या माणसाशी बोललेले नाहीत. नुसतं नाव वाचलं, आणि त्यांना कळलं की याला बातमी पोचलीय.

५

बातमी होती कुणाकुणाला? ठकू बाईंच्या खुर्चीत नाही, समोरच्या खुर्चीत बसली आणि बोटं मोजायला लागली.

मावशी. पण बुधवारी अकराला त्या व्यायामवाल्याकडे पाय उचलत असतात. दाढीवाला. तो कॉलेजात. पुतण्या. तो महिनाभरापूर्वीपर्यंत परगावी, सत्तर बुधवार येणार कसा? अकरा जणांना कालच कळलं, त्यांच्या फायली तर इथंच आहेत. ठकू स्वतः.

पाच झाली बोटं. आता कुणी उरलं नाही.

मावशी ओळखतील असा माणूस. ठकूकडे ज्याला पाठवताच येणार नाही असा माणूस. आणि का पाठवता येत नाही? बाई नवख्यांना पहिल्याच दिवशी सांगायच्या, अगं, आपण आपल्या घरच्यांचे डॉक्टर होत नसतो.

तिनं दुसऱ्या हाताचं पहिलं बोट उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

जेवताना, फोन आल्या आल्या, तिनं स्वतः सांगितलं होतं.

ती उठली. कपाटावरची पुस्तकं मोजली. नवी बांधलेली चौतीस. आणि हे रजिस्टर, तीस वर्षांचं जुनं, पण पाठ नव्या कापडाची. पस्तीस. एका बुधवारी शिवण, पुढच्या बुधवारी शिजवलेल्या पिठाची खळ लावून पुठ्ठा. पस्तीस दुणे सत्तर.

रजिस्टर तिनं मधोमध उघडलं. शिवणीची गाठ आतल्या घडीत दडवलेली होती. शाळेत असताना तिच्या सगळ्या वह्या अशाच शिवलेल्या असायच्या. गाठ बाहेर ठेवली की वाचणाऱ्याच्या बोटाला टोचते, ठकू, असं अण्णा म्हणायचे. कालपासून शंभर वेळा तिनं हे रजिस्टर हाताळलं होतं, आणि बोटाला काही टोचलं नाही म्हणून तिच्या लक्षातच आलं नव्हतं!

दुसऱ्यांची मनं वाचून पोट भरते ती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

मग बाकीचं आपोआप उलगडलं. शहरातल्या मनाच्या डॉक्टरांपैकी अण्णांना एकच नाव माहीत होतं, ठकूच्या तोंडून रोज ऐकलेलं. ते इथं आले. नियमानं बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. बहुतेक म्हटलंही असेल. आणि "मग राहू दे" म्हणून अण्णा कसे उठले असतील, ते ठकूला स्वच्छ दिसलं. बाईंनाही दिसलं असणार, की हा माणूस या दारातून परत गेला तर दुसऱ्या कुठल्याच दाराशी जायचा नाही. रिकाम्या हातांनी बसून बोलणं त्याला जमेना, तर बाईंनी हातात फाटकी पुस्तकं दिली.

खरी अडचण पुढं होती. आपल्या पश्चात सगळी गुपितं ठकू सांभाळेल, हे आधीच लिहून झालं होतं. आणि आता एक गुपित ठकूपासूनच सांभाळायचं होतं. त्या कागदावर ठकूऐवजी दुसरं नाव घातलं असतं तर ठकूनं विचारलं असतं, का बदललंत? त्याला काय उत्तर देणार? म्हणून बाईंनी एक फाइल गुपचूप बाहेर काढली. शंका नव्हती तिच्यावर. तिच्या बापाला दिलेला शब्द होता.

सत्तर तास. काय बोलले असतील? आईबद्दल? आपल्याबद्दल? जे आपल्याला सांगता आलं नाही, ते काय होतं?

आठ तासांवर एक म्हातारा माणूस ते सगळं मांडीवर घेऊन बसला होता. ठकूनं त्याला पुन्हा फोन केला.

"डॉक्टर, काही विचारत नाही. एक निरोप द्या. उद्या अकरा ते बारा खोली उघडी असेल. कुलूप नसेल, आणि कुणीही नसेल. मावशीही नसतील, मीही नसेन. ज्यांची शेवटची भेट राहिली, त्यांनी येऊन बसावं."

"ठकू," ते म्हणाले. "तुला..."

"मला काही माहीत नाही."

"बरं. संध्याकाळी सांगतो."

मग तिनं तिघांना बोलावलं. फाइल सापडली, बाईंनीच सोय करून ठेवली होती, कुणी काही चोरलेलं नाही, असं सांगितलं.

"पण होतं कोण ते?" मावशींना राहवेना.

"ते मला कळलं नाही, मावशी."

मावशींनी तिच्याकडे नीट बघितलं. वीस वर्षं चेहरे बघितलेली बाई. मग पदराच्या टोकानं काउंटर पुसायला लागल्या, आधीच स्वच्छ होतं तरी.

संध्याकाळी सातला ठकू भाजी चिरत होती. आतल्या खोलीत अण्णांचा फोन वाजला. ते फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. ठकूनं नळ मोठा सोडला.

६

बुधवारी अण्णांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला.

"वाचनालयात जाऊन येतो जरा."

"या."

"तुझं काय आज?"

"माझं बाहेर काम आहे. संध्याकाळपर्यंत."

काम कसलं आलंय! ती मावशींच्या शेजारी व्यायामवाल्याच्या बाकावर बसून राहिली. मावशींनी पाय वर-खाली करत काही विचारलं नाही. बारा वाजून गेल्यावर ठकू खोलीत गेली, खिडक्या लावल्या, आणि रजिस्टरमध्ये चारशे नऊच्या ओळीत लिहिलं, भेटी एकाहत्तर, पूर्ण.

संध्याकाळी घरी आली तर अण्णांनी कुकर लावला होता. डोळे सुजलेले होते. तिनं बघितलं आणि बघितलं नाही.

जेवणं अर्धी झाली.

"ठकू," अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी काही बोललो नाही. तुझ्या बाई कशा होत्या गं? स्वभावानं?"

तिनं पाण्याचा घोट घेतला.

"विनोदी होत्या," ती म्हणाली. "एकदा मी त्यांच्यासमोर खूप रडत होते. बाई उठल्या. मला वाटलं पाणी आणतायत. तर त्या गेल्या खिडकीशी. तिथं रोज एक कावळा यायचा..."

अण्णा हसले. गोष्ट अजून कावळ्यापर्यंतच आली होती, आणि ते हसले. लगेच गप्प झाले आणि घाबरून तिच्याकडे बघायला लागले.

ठकूनं नजर हलवली नाही. हसू का आलं, असं विचारलं नाही. गोष्ट पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला सांगावी तशी, सावकाश, पुढं सांगत गेली. "तर त्या कावळ्याला बाई म्हणतात कशा, 'अहो, तुमची वेळ चारची आहे. आत्ता आत माणूस आहे.'"

अण्णा पुन्हा हसले. हसता हसता त्यांचे खांदे हलायला लागले, मग नुसते खांदेच हलत राहिले. ठकू उठली नाही. पाणी आणलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. बाईंनी शिकवलं होतं तशी समोर बसून राहिली, तिचेही गाल ओले होते ते तसेच राहू दिले.

बऱ्याच वेळानं अण्णांनी बाहीला तोंड पुसलं.

"मग?" ते म्हणाले. "आणखी सांग."

आणि ती सांगायला लागली.